दारातून न निघालेली ढोली

मी देवरावांच्या घरातली धानाची ढोली बोलतेय. बांबूच्या कमच्यांनी विणलेली, शेणमातीनं लिंपलेली, माणसापेक्षा उंच अशी कणगी. मार्कंड्याहून कोसभर अलीकडे, वैनगंगेकाठच्या गावात माझा जन्म झाला, तोही घराच्या आतच. मुखरू बुरडानं जंगलातले हिरवे बांबू आणले, मधल्या खोलीत बैठक मारली आणि चार दिवसांत मला उभी केली. दारातून मी कधी बाहेर जाणार नाही, हे तेव्हाच ठरलं होतं. ढोलीला प्रवासाचं काय काम?

त्याच वर्षी मनकर्णा देवरावांशी लग्न होऊन या घरात आली. मला पहिला हात तिनं आणि तिच्या थोरल्या जावेनं, ठमाबाईनं, मिळून लावला. एक आत उतरून लिंपायची, दुसरी बाहेरून. दोघींचं हसू माझ्या पोटात घुमायचं.

पुढे भावाभावांच्या वाटण्या झाल्या. घराच्या मधोमध कुडाची भिंत आली. मग एका पावसाळ्यात धुऱ्यावरून भांडण पेटलं. मनकर्णानं शेताचा बांध आमच्या हद्दीत सरकवला, असं ठमाबाई चारचौघांत बोलली. त्या दिवसापासून जावा बोलेनाशा झाल्या. सहा वर्षं! मी कुडाला लागून उभी, म्हणून मला दोन्ही घरं ऐकू यायची. इकडे मनकर्णाला खोकला लागला, की तिकडे पाट्यावरची खरखर थांबायची. पण हाक कुणीच मारली नाही.

शहाऐंशी साली मनकर्णाच्या मुलाला, हरिदासला, भद्रावतीच्या कारखान्यात नोकरी लागली. कॉलनीत क्वार्टर मिळालं. शेती बटईनं देऊन आईबापांना न्यायचं ठरलं. मग आठ दिवस घरात एकच विषय. काय न्यायचं आणि कसं न्यायचं?

देवराव म्हणाले, "बैलबंडीनं चामोर्शीवरी जाऊ. पुढं एसटीच्या टपावर टाकू."

"बाबा, टपावर संसार जाते का?" हरिदास हसला. त्यानं भद्रावतीजवळच्या घुग्घुसकडे रिकामा परतणारा ट्रक ठरवला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर यादी केली. जातं, पाटा, दोन खाटा, पाण्याचा पितळी गुंड. देवरावांनी नांगरही लिहायला लावला. हरिदासनं मुकाट्यानं लिहिला. दुसऱ्या दिवशी देवरावांनीच तो खोडायला सांगितला आणि मग कितीतरी वेळ गोठ्यात जाऊन बसले.

शेवटी हरिदास दोरी घेऊन माझ्यापाशी आला. दारापेक्षा मी दीड हात रुंद भरले.

"आई, हे निंगत नाई. फोडून टाकू."

"हिले हात नोको लावू."

"तिथी दोनच खोल्या हायेत, आई. तांदूळ दुकानातून येते."

"येऊ दे," मनकर्णा म्हणाली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. तिला रडताना मुलानं पाहू नये, म्हणून.

ट्रक सकाळीच आला. झिंगू ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. सामान चढलं, देवराव पुढं बसले, तरी मनकर्णा माझ्या बुडाशी बसलेलीच. इतक्यात दारात सावली पडली. ठमाबाई! सहा वर्षांनी तिनं हा उंबरा ओलांडला होता.

"मनकर्णा, गाडीवाला बोंबलून राह्यला. ऊठ."

"ढोली कशी नेऊ, बाई?"

"कोन म्हणते ने म्हणून? माही ढोली उंदरांनं खाल्ली. माहा धान इथीच भरीन. चाबी दे."

मनकर्णानं किल्ली काढली, पण ती हातातून सुटेना.

ठमाबाईनं मान खाली घातली. "धुरा सरकला नव्हता. मले तवाच समजलं होतं. तोंड दाखवाले लाज वाटली."

मनकर्णा तिच्या गळ्यात पडली. बाहेर हॉर्न वाजतच होता. ठमाबाईनं पदरातली मुरमुऱ्याची पुरचुंडी तिच्या हातात कोंबली आणि तिला दंडाला धरून ट्रकपाशी नेलं.

तेव्हापासून माझ्यात ठमाबाईचं धान असतं. शिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेला मनकर्णा येते, दोघी मला लिंपतात. गेल्या साली मनकर्णा सांगत होती, तिथं नळाला घरातच पाणी येतं, खाली सिमेंट आहे, शेजारीण तेलगू बोलते. "समदं चांगलं हाय, बाई. पण कोनी घरात खोकललं तं पल्याडून कोनी आयकत नाई."

यंदा सून बाळंत झाली, म्हणून मनकर्णाला येता आलं नाही. काल ठमाबाईनं नवं धान कांडून पोतंभर तांदूळ बांधला. आयुष्यात चामोर्शीपुढं न गेलेली ही बाई एकटी भद्रावतीला निघाली. एसटीत पोतं कोण चढवेल, याचीच तिला काळजी होती.

आज दोन्ही घरं शांत आहेत. माझ्या तळाच्या कमच्यांचा भुगा पडतो, पोटाला तडा गेलाय. पुढच्या हंगामाचं वजन मला पेलेलसं वाटत नाही. गावकऱ्यांनो, मी फुटले तर मला चुलीत घाला. वाळल्या बांबूचा जाळ छान होतो. मी रागावणार नाही. तेवढं ठमाबाईला परत येऊ द्या. मनकर्णाच्या नातवाचं नाव काय ठेवलं, ते तिच्या तोंडून मला ऐकायचंय.