सोनमला बघायला आले त्या दिवशी

मसुरीचा एक दाणा गोळ्यांच्या पाकिटाला चिकटला होता. संघप्रियानं तो नखानं काढला आणि पाकीट पुन्हा डब्यात न खुपसता हातातच धरलं. दोन वर्षं तिची औषधं अशी मसुरीच्या डब्याच्या तळाशी होती, कारण फळीवर ठेवली तर येणाऱ्याजाणाऱ्याच्या नजरेला पडतील, असं आईचं म्हणणं. आणि आज तर मलकापूरचे पावणे सोनमला बघायला येणार होते – धाकटीला – आणि थोरली...

"थोरलीला मावशीकडं धाडा की," फौंड्रीतली पाळी बुडवून आलेले धोंडीरामकाका म्हणाले. "कुणी इचारलंच तर सांगू, कोल्हापुरात शिकती."

म्हणजे मी असून नाही. बारावीच्या पेपरला कानातले आवाज हेच तर म्हणत होते – तू नाहीस, तू नाहीसच – आणि तीन तास, पुरवण्या मागून मागून, तिनं नुसतं स्वतःचं नाव लिहिलं होतं. लोक त्याला वेड म्हणाले. असेलही, पण त्या वेळी धरायला तेवढंच होतं हाताशी. मग मागची खोली, अकरा दिवस, काकांनी बाहेरून घातलेली कडी... आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून समाजमंदिरात गुरुवारी भरणारा दवाखाना, शहरातून येणारे डॉक्टर, आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या, माणसाशी बसून बोलणाऱ्या समुपदेशक तेजस्वी मॅडम, ज्यांनी आईला नव्हे, तिला विचारलं होतं, "आवाज काय म्हणतात?" तोवर हे कुणी विचारलंच नव्हतं. घरच्यांनाही घेऊन ये, मॅडम दर वेळी सांगत. पहिल्या दिवसानंतर घरचं कुणी गेलं नव्हतं. आज गुरुवारच होता.

"मी न्हाय जाणार मावशीकडं," ती म्हणाली.

"सोनमचं मोडलं तर?" आईनं खालच्या आवाजात विचारलं.

सोनम आरशासमोर पदराला पिन लावत होती. वळून न बघताच ती म्हणाली, "ताईला धाडलं तर मी बी बसत न्हाय त्यांच्याम्होरं."

पावणे आले. मुलगा मान खाली घालून बसला; त्याची आई, चिमणाबाई, घरातल्या एकेका माणसाकडे सावकाश बघत होत्या. चहाचा कप घेताना त्यांनी विचारलं, "ही थोरली न्हवं? काय करती?"

"कोल्हापुरात..." काकांनी सुरुवात केली.

"न्हाय, मी हितंच असते. बालवाडीत जाते पोरांस्नी शिकवायला," संघप्रिया म्हणाली. "दोन वर्सांमागं मला मनाचा आजार झालता. कानात आवाज यायचे. औषध चालू हाय."

चिमणाबाईंनी कप बशीत ठेवला. "बरं," त्या म्हणाल्या. नुसतंच बरं. उठताना म्हणाल्या, "कळवतो."

पावण्यांची जीप वळली तसे काका म्हणाले, "भणीचं वाटुळं केलंस."

केलं असेल. ते ओझं खरंच होतं, छातीवर बसलं होतं, आणि सोनम पाठमोरी बसून कप गोळा करत होती. तरी संघप्रियानं पायात चपला घातल्या. दवाखाना पाचला बंद होतो.

"थांब," आई मागून म्हणाली. "मी बी येते. असं सांगत सुटायला शिकवती व्हय ती तुझी मॅडम? इचारतेच तिला."

आई भराभर पुढं चालू लागली – संघप्रिया दर गुरुवारी जायची त्या मागच्या बोळातून नव्हे, रागाच्या भरात थेट चावडीवरून, पारावरच्या माणसांसमोरून. तिच्या मागून जाताना संघप्रियाला जाणवलं, आपल्यालाही राग आलाय. काकांचा, त्या कडीचा, त्या 'बरं'चा, मलकापूरहून येईल न येईल त्या निरोपाचा... स्वतःचा मात्र नाही. तिनं मनात पुन्हा चाचपून पाहिलं. नव्हता.