माझ्यावरची धूळ राहू द्या

मित्रांनो, जवळ या, पण हात मागे ठेवून. मी एक जुना आरसा आहे. तोंड बघायचा नव्हे. नागपूरच्या महाल नावाच्या जुन्या वस्तीतल्या एका घरगुती दुर्बिणीच्या तळाशी मी बसतो. तुमच्या आरशाची चमक काचेच्या मागे सुरक्षित असते. माझी पुढे असते, अगदी पातळ आणि उघडी. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक हाताचा मला संशय येतो.

मला जागेश्वररावांनी घडवले. त्यांच्या घरी पूर्वी हातमागावर लुगडी विणत. ते स्वतः शाळेत गणित शिकवत. वाळूने भरलेल्या ड्रमवर त्यांनी एक काच पक्की बसवली. तिच्यावर मला ठेवले, मध्ये पाणी आणि घासायची भुकटी घातली, आणि ड्रमभोवती फिरत मला मागेपुढे घासत राहिले. खालची काच फुगीर झाली, मी खोलगट झालो. नखाच्या जाडीएवढ्या त्या खोलीतच माझी सारी विद्या आहे. मग पुण्याला जाऊन मी अंगावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून आलो. जागेश्वररावांनी माझ्या पाठीवर छोटासा धोटा कोरला, मागावर धागा इकडून तिकडे नेतो तो. आपल्या घरचा माल ओळखू आला पाहिजे, म्हणाले. संशयी तेही होते.

रविवारी संध्याकाळी मैदानावर त्यांचे आकाशदर्शन असे. चंद्रावरचे खड्डे, गुरूचे चंद्र, शनीची कडी. सगळे फुकट, म्हणूनच लोकांना खरे वाटत नसे. शेजारच्या अंजनाबाईंनी पहिल्यांदा शनी पाहिला आणि त्या थेट नळीच्या तोंडाशी जाऊन आत डोकावल्या.

"फोटू चिपकवला असन गा तू आत."

"हात नोको लावू मावशी. नुसती पाह्यत राह्य," जागेश्वरराव म्हणाले. पृथ्वी फिरत होती, शनी हळूहळू सरकत कडेला गेला आणि दिसेनासा झाला. "चिपकवला असता, त सरकला काहून असता?"

अंजनाबाईंचे समाधान झाले नाही. त्या दर रविवारी येऊ लागल्या, आमची चोरी पकडायला.

मागच्या हिवाळ्यात जागेश्वरराव गेले. त्यांच्यामागे त्यांची मुलगी रोशनी माझी काळजी घेऊ लागली. सकाळी ती आधी त्यांचा फोटो पुसायची, मग माझे झाकण काढायची. आजीच्या लुगड्याचे धुऊन धुऊन मऊ झालेले फडके तिच्याकडे होते. माझ्यावर हलकीशी फुंकर घालायची, वाफ धरली की फडके फिरवायची. मला बरे वाटायचे. विणकराच्या घरात, कापडाने इजा होते हे कोणाला सुचणार?

संशय होता तो अंकुशवर. जागेश्वररावांबरोबर तो सगळे कार्यक्रम करायचा. आता घरी येऊन मला एकदा काढून बघू का, असे विचारायचा. त्याच्याकडे माझ्याच मापाचा, बाजारातून आणलेला एक आरसा होता. हे मला ठाऊक होते आणि रोशनीलाही.

"काहून?" ती विचारायची.

"असंच," तो म्हणायचा. असंच म्हणणाऱ्या माणसाच्या हाती काही देऊ नये, असे आम्हा दोघांचे मत होते. ती नाही म्हणायची आणि मी सुटकेचा श्वास सोडायचो.

मग खापा गावी, कन्हान नदीच्या काठी कार्यक्रम ठरला. रोशनीला जाता आले नाही, म्हणून दुर्बीण अंकुश घेऊन गेला. पुढच्या रविवारी, जागेश्वरराव गेल्यानंतर पहिल्यांदाच, मैदानावर शनी लावला, तर तो धुक्यातल्या दिव्यासारखा दिसत होता. अंजनाबाईंनी डोळा लावला, काढला, पुन्हा लावला.

"मोतीबिंदू माहा काढला, तो शनीले कसा झाला गा?"

रांग हसली. रोशनीने पाहिले. ती हसली नाही. तिने सगळ्यांसमोर अंकुशला विचारले, "खाप्याले आरसा बदलला का तू?" आणि दुर्बीण उचलायला लागली. ही आता पुन्हा मैदानावर यायची नाही, एवढेच तिने सांगितले.

अंकुश भांडला नाही. त्याने तळाचे स्क्रू काढले, मला कडेने धरले आणि पाठ तिच्यापुढे केली. धोटा होता. मग त्याने मला सरळ केले आणि बॅटरीचा उजेड तिरपा टाकला. माझ्या अंगभर बारीक गोल ओरखडे होते, एकात एक गुंतलेले.

"पुसत होती का?"

"रोज," रोशनी म्हणाली. "म्हंजे बाबाचं काम मीच पुसून टाकलं."

"नाही वं. तू चमक पुसली. ते त बाबानं बी बाहेरूनच करून आणली होती. त्यायनं घासलेली खोली काचेत आहे. फडक्यानं नाही जात ते."

जुना मुलामा उतरवून नवा चढवावा लागेल, त्यासाठी आरसा पुण्याला न्यावा लागेल, असे त्याने सांगितले. रोशनी माझ्याकडे बघत राहिली. मी घाबरलो होतो. उतरवणार, म्हणजे काय काय उतरणार?

"ने," ती म्हणाली. "पन मी बी येते."

"ये ना. माह्यावर ध्यान राहीन."

"त्याच्याचसाठी येते."

असे आम्ही तिघे एकमेकांवर नजर ठेवत पुण्याला जाऊन आलो. नवा मुलामा चढल्यावर तिने मला आधी उलटे करून पाठ तपासली आणि मगच हाती घेतले. त्याचा मला राग आला नाही. रविवार पुन्हा सुरू झाले. शनीची कडी आता स्वच्छ दिसतात. अंजनाबाई म्हणतात, हा नवा फोटू जास्त चांगला आहे.

मित्रांनो, तुमच्या गावात कोणी दुर्बीण लावली तर जरूर जा. खुशाल शंका घ्या, चार प्रश्न विचारा. पण काचेला हात लावू नका. थोड्या धुळीने आमचे काही बिघडत नाही. तारे तिच्यातूनही दिसतात. आणि एखाद्याची आठवण जपायची असेल, तर त्याचे काम कसे जपतात ते आधी कोणाला तरी विचारा, मग तो माणूस तुम्हाला आवडत नसला तरी.

माझ्यावर आता पुन्हा थोडी धूळ बसली आहे. रोशनी सकाळी झाकण काढते, ती धूळ बघते आणि झाकण लावते.