राजदीपची डफली

मित्रांनो, मी एक जुनी डफली आहे. गप्प बसणं माझ्या स्वभावातच नाही. पण आजची गोष्ट सांगताना माझाही आवाज बसतो.

महागावच्या बाजारात एका कारागिराने लाकडी कड्यावर बकरीचं कातडं ताणून मला घडवलं. यवतमाळच्या कॉलेजात आरोग्य आणि समाज हा विषय शिकणाऱ्या राजदीपने मला घेतलं. ढाणकीचा हा पोरगा दिसायला काडीसारखा, पण त्याने थाप मारली की अख्खा चौक गोळा! अभ्यासाचा भाग म्हणून ही मुलं गावोगावी सिकलसेलवर पथनाट्य करत. रक्ताचा हा आजार आईबापांकडून लेकरांना येतो, अंग असह्य दुखतं, म्हणून लग्नाआधी रक्त तपासा, असं सांगत. "लपवू नका रे बाप्पा, सांगा!" राजदीप ओरडायचा आणि मी दणदणायचे. टाळ्या अशा पडायच्या की विचारू नका. मी तर फुगून जायचे.

खेळ संपला की तो मला पोटाशी धरून भिंतीआड बसायचा, ओठ दाबून. कारण सिकलसेल त्यालाच होता. घरून निघताना त्याची आई सत्यशीलाबाई दर खेपेला बजावायची, "कोणाले सांगू नको बरं. रुपालीची सोयरीक जुळून राह्यली." रुपाली म्हणजे त्याची धाकटी बहीण. भावाचा आजार कळला तर पोरीला कोण करून घेणार, ही त्या माउलीची भीती. बहिणीसाठी पोरगा गप्प राहिला. मित्रांनासुद्धा त्याने कळू दिलं नाही.

गेल्या हिवाळ्यात मुकुटबनला खेळ होता. थंडी मरणाची. राजदीपचा हात मधेच थांबला आणि तो मटकन खाली बसला. त्याची वर्गमैत्रीण प्रियंका त्याला गाडीत घालून दवाखान्यात घेऊन गेली. मी तिच्या मांडीवर होते.

"याला आधीचा काही आजार?" डॉक्टरांनी विचारलं.

"नाही सर, एकदम तंदुरुस्त हाये," प्रियंका छातीठोकपणे म्हणाली. "सकाळपासून उपाशी हाये, पित्त झालं असन."

अरे देवा! मी ओरडायला हवं होतं. पण हाताशिवाय डफली कशी बोलणार? राजदीपच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. पित्ताचं औषध सुरू झालं. रक्ताच्या तपासणीत खरं कळलं तोवर फार उशीर झाला होता. माझा राजदीप गेला.

सत्यशीलाबाई पोचल्या तेव्हा प्रियंकाने त्यांच्या गळ्यात पडून हंबरडा फोडला. "काकू, आम्ही हेच तर शिकून राह्यलो! मग आम्हाले काहून नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तर माह्या पोरीले कोणं करून घेतलं असतं वो बाई?" त्या म्हणाल्या. "पोरीचं पाहाले गेली, अन् पोरगाच हातचा गेला."

आता मी कॉलेजातल्या कपाटावर धूळ खात पडले आहे. उंदरांनी काठ कुरतडला आहे. प्रियंका समोरून जाते, पण मला हात लावत नाही.

मित्रांनो, त्या आईला बोल लावू नका. चौकात टाळ्या वाजवणारी माणसं घरी सोयरीक आली की कशी वागतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तुमच्या घरी लग्न निघालं तर दोघांचं रक्त जरूर तपासा, पण घरात आजारी भाऊ आहे म्हणून मुलीकडे पाठ फिरवू नका. राजदीप कशाने गेला हे कळलं, त्याच आठवड्यात रुपालीची सोयरीक मोडली. तिचं रक्त तर केव्हाच तपासून झालं होतं, आणि ते निर्दोष होतं. पण तेवढं विचारायलाही कोणी आलं नाही.