चावलेला पक्षी

प्रदर्शनात आपले लाकडी पक्षी घेतले नाहीत, तर कामाची खोली बंद करून आपण कायमचे हॉलमध्ये बसणार, असं सासऱ्यांनी जेवताना सुनेसमोर जाहीर केलं. आजवर ते फक्त चहापुरते बाहेर यायचे. तेवढ्यातही बाळाला टोपी का नाही, दूध इतकं गरम का, ती रडतेय आणि तू फोनमध्ये काय बघतेस, एवढं सगळं उरकून जायचे. हेच दिवसभर ऐकायचं म्हटल्यावर तिची झोपच उडाली.

सासऱ्यांनी उभा जन्म भिंतीवर लावायचे लाकडी पक्षी कोरण्यात घालवला होता. पटाशीचा एक ओरखडा दिसला की पक्षी बाद. घासून घासून झाला की ते तो स्वतःच्या गालावरून फिरवून बघत. पोटच्या मुलाच्या गालावरून त्यांनी इतक्या मायेनं कधी हात फिरवला नसेल.

प्रदर्शनवाल्या बाई आल्या. एकेक पक्षी उलटसुलट करून त्यांनी नाक मुरडलं.

"आजोबा, हे मशीनचे वाटतात हो."

"मशीनचे? हे हात बघा."

"हात छानच आहेत. पण गिऱ्हाईक ते कुठे बघणार? त्याला वस्तूत माणूस दिसला पाहिजे."

सुनेनं घाईघाईनं मध्ये तोंड घातलं. "बाबा, राहू द्या ना दोन-चार ओरखडे."

"मग तूही लेकीचं नाक पुसत जाऊ नकोस. तेवढाच माणूस दिसेल."

एवढ्यात छकुली रांगत आली. तोंडात एक कोरी, पॉलिश न केलेली चिमणी. सुनेनं झडप घालून ती ओढून काढली आणि कुसळ तर गेलं नाही ना, म्हणून लेकीच्या तोंडात बोट घालून तपास सुरू केला. तोवर चिमणी बाईंच्या हातात होती. पाठीवर दोन इवल्या दातांचे खड्डे, लाळेनं ओले.

"याला म्हणतात हातकाम," बाई म्हणाल्या.

"तोंडकाम," सासरे पुटपुटले.

"सगळे असेच द्या. सगळे घेते."

सासऱ्यांनी चिमणीवरचे खड्डे बोटानं चाचपून बघितले. मग त्यांनी विचारलं, "आणि हिला आणखी दात आले की?"

"तेव्हा नवी मालिका काढू."

सुनेचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ टिकला नाही. पटाश्या, करवती आणि भुशाच्या त्या खोलीत छकुलीला एकटीला सोडणार कोण? दुसऱ्या दिवसापासून सूनच तिथे स्टूल टाकून बसू लागली. प्रत्येक पक्षी उकळलेल्या पाण्यानं पुसायचा, कुसळ चाचपायचं, मग लेकीच्या हाती द्यायचा. समोरून सूचना चालूच.

"चोच नको, पाठ दे तिला. आणि घाई करू नकोस, तिच्या कलानं घे."

चहाला मात्र सासरे एकटेच हॉलमध्ये जात. तिथे हल्ली फार निवांत वाटतं, म्हणायचे.