वॉफलने पानात टाकलं

लेलँड कुबिचेकच्या घरात पानात टाकायची सोय नव्हती. नेब्रास्कातल्या त्या टीचभर गावात त्याने एकतीस वर्षं धान्याचं कोठार सांभाळलं होतं. त्यामुळे दाण्याची किंमत आपल्याइतकी कुणालाच कळत नाही असं त्याचं ठाम मत होतं, आणि ते मत तो न विचारताही द्यायचा. चर्चच्या प्रत्येक सामूहिक जेवणात तो वाटाण्यांची गोष्ट सांगे. मुलगा ब्रेंट नऊ वर्षांचा असताना एकदा वाटाणे खाईना. लेलँडने समोर खुर्ची ओढली आणि सहापासून नऊपर्यंत त्याच्याकडे बघत बसला. "शेवटी खाल्लेच की पठ्ठ्याने! एकूण एक!" लोक हसायचे. इतक्या वर्षांत कुठे हसायचं ते त्यांना पाठ झालं होतं.

ब्रेंट आता बेचाळिशीचा होता. बारा मैलांवर राहायचा, दर रविवारी यायचा, छपराच्या पन्हळी साफ करून द्यायचा आणि आईने, म्हणजे आर्लीनने, ताट मांडलं की म्हणायचा, "मी खाऊन आलोय." गेली अठरा वर्षं तो खाऊनच येत होता. थँक्सगिव्हिंगच्या सणाची टर्कीसुद्धा तो कापून द्यायचा आणि उभ्याउभ्या निघायचा. लेलँडला ते लागायचं. फार लागायचं. पण लागलेलं दाखवायचं नाही, हा त्या घरातला दुसरा नियम होता.

जूनच्या एका रविवारी ब्रेंट प्लॅस्टिकचा डबा घेऊन आला. आत साप होता, पेन्सिलीएवढा. नाक डुकरासारखं वर वळलेलं, चेहरा कायमचा नाराज. अकरा वर्षांच्या जोसीने, ब्रेंटच्या मुलीने, वाढदिवसाच्या पैशांतून तो ओमाहाच्या सापांच्या जत्रेत घेतला होता आणि नाव ठेवलं होतं वॉफल. जोसी आता तीन आठवडे शिबिराला गेली होती.

"केंड्रा म्हणते, घरात एक तर तो राहील नाहीतर मी," ब्रेंट बायकोबद्दल म्हणाला. "म्हणून इकडे आणला."

सोबत जोसीच्या हातचा कागद होता, तीन पानी. गोठवलेलं उंदराचं पिल्लू कोमट पाण्यात ठेवायचं, मग चिमट्याने द्यायचं. खाली लाल पेनने लिहिलं होतं: 'त्याने जन्मल्यापासून एकदाच खाल्लंय. आज सात ग्रॅम आहे. सहाच्या खाली गेला तर मरेल. आजोबा, प्लीज.'

"मरतोय कशाला? तीन दिवसांत आपणहून पान मांडायला सांगेल," लेलँड म्हणाला. "मी पोरं जेववली आहेत."

ब्रेंट खाऊन आलोय म्हणाला आणि गेला.

पहिल्या दिवशी लेलँडने डब्यासमोर खुर्ची ओढली आणि चिमट्यात पिल्लू धरलं. वॉफलने फुस्स केलं, मान फुगवली, मिटल्या तोंडाने चिमट्याला एक धडक दिली. मग उताणा पडला, जीभ बाहेर काढली आणि मेला.

"आर्लीन! अगं, गेला हा!"

"सोंग करतो तो. पान दोनवर लिहिलंय," आर्लीन भांडी पुसत म्हणाली.

लेलँडने त्याला बोटाने पालथा केला. वॉफल ताबडतोब पुन्हा उताणा झाला. मेलेल्याने उताणंच असावं, याबाबत तो फार काटेकोर होता.

दुसऱ्या दिवशी लेलँडने त्याला दुष्काळाची हकिगत सांगितली. धुळीची वादळं आली तेव्हा आपल्या आजोबांनी तण शिजवून कसं खाल्लं, वगैरे. सापाने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि पुन्हा मेला.

चौथ्या दिवशी लेलँडने साप विकणाऱ्या बाईला फोन केला. या जातीच्या पिल्लांचे नखरे असतात, ती म्हणाली, उंदराला दुसऱ्या कशाचा तरी वास लावून बघा. मग काय, सणावाराचा थाट! गुरुवारी उंदराला ट्यूनाच्या डब्यातलं पाणी. शुक्रवारी सॉसेजचा रस. शनिवारी अंड्याचा पिवळा बलक, तोही ब्रशने, हलक्या हाताने.

"ब्रेंटने त्या दिवशी वाटाण्यांवर नुसतं लोणी मागितलं होतं," आर्लीन म्हणाली. "तू म्हणालास, या घरात चोचले चालणार नाहीत."

"तो साप आहे, आर्लीन."

"हो ना. आणि ब्रेंट पोरगा होता."

वजनाचा काटा साडेसहा ग्रॅमवर आला. मग सहा पूर्णांक दोन. लेलँडने सकाळची कॉफीची मंडळी सोडली आणि सारा दिवस डब्यासमोर बसू लागला. जोसीचा फोन आला, "खाल्लं?" तो म्हणाला, "खाईल." पोरीने जगात एकाच माणसावर विश्वास टाकला होता, आणि त्या माणसाला एक घास भरवता येत नव्हता.

बाईने शेवटचा उपाय सांगितला होता: बेडूक. दुसऱ्या रविवारी ब्रेंट आला तेव्हा त्र्याहत्तर वर्षांचा लेलँड स्वयंपाकघराच्या फरशीवर गुडघे टेकून बसला होता. एका हातात एसीच्या गळतीखाली पकडलेला बेडूक, दुसऱ्या हातात त्याच्या पाठीवर घासलेलं उंदराचं पिल्लू.

"एकच घास, राजा. आजोबासाठी. एकच," तो डब्यात बघून म्हणत होता. हा घास चिऊचा, हा घास काऊचा, एवढंच काय ते बाकी होतं.

ब्रेंटला हसू आलं, पण ते अर्ध्यातच विरलं.

"बाबा, त्याच्यासमोरून उठा तुम्ही. कुणी असं डोळे लावून बसलं तर घशाखाली उतरत नाही."

"समोर बसल्यावाचून कोण खातं? मी बसलो म्हणूनच तू वाटाणे खाल्लेस!"

"मी नाही खाल्ले."

लेलँडच्या हातातला बेडूक सुटला आणि फ्रिजखाली गेला.

"तुम्ही पाच मिनिटं तळघरात घर तापवायची भट्टी बघायला गेला होतात," ब्रेंट म्हणाला.

"मी खाल्ले," आर्लीन सिंककडे तोंड करूनच म्हणाली. "गारढोण, लगदा झालेले. तेहतीस वर्षं तुझी ती गोष्ट ऐकतेय, आणि दर वेळी तोंडात तीच चव येते."

लेलँड फरशीवर बसून राहिला. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती उशिरा आल्यामुळे जास्तच वाटली.

मग ब्रेंटने दह्याच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडली, साप आणि पिल्लू आत ठेवलं आणि डबा पॅसेजमधल्या चादरींच्या कपाटात बंद केला. लेलँड दोनदा 'सहज' त्या बाजूला गेला. शेवटी आर्लीन कपाटाला पाठ लावून विणत बसली. तीन तासांनी उघडलं, तर पिल्लू गायब होतं. वॉफलच्या मध्यावर एक टेंगूळ आलं होतं, आणि तो चक्क सुलटा होता.

लेलँडला रडू आलं. सापासाठी, असं तो म्हणाला, आणि कुणी वाद घातला नाही.

आर्लीनने सवयीने ताट मांडलं: खिम्याचा मीटलोफ, बटाटे, वाटाणे. ब्रेंटने सवयीने तोंड उघडलं. तेवढ्यात लेलँडने फ्रिजमधून लोणी काढलं, वाटाण्यांजवळ ठेवलं आणि टोपी उचलली.

"मला गराजमध्ये काम आहे."

"रविवारी?" आर्लीनने विचारलं.

"रविवारीच."

गराजमध्ये तो वीस मिनिटं गवत कापायच्या यंत्राकडे बघत उभा राहिला. यंत्राला काहीही झालेलं नव्हतं. खिडकीतून स्वयंपाकघर सरळ दिसायचं. तो खिडकीकडे पाठ करून उभा राहिला, आणि बेडूक पकडण्यापेक्षा ते फार अवघड होतं.

परत आला तेव्हा ताट लख्ख होतं. लोण्यात सुरीची खोल खूण होती. ब्रेंट काटा विसळत होता. आर्लीन रुमालाने ओठ टिपत होती.

लेलँडने एकाकडे पाहिलं, मग दुसरीकडे पाहिलं. वाटाणे कुणी खाल्ले, हे मात्र त्याने विचारलं नाही.