दोन्ही हात माझ्यावर होते

मी स्टीअरिंग बोलतोय. गाडीची चाकं खाली असतात, ती चिखल तुडवतात आणि तक्रार करत नाहीत. मी वर असतो, ड्रायव्हरच्या पोटासमोर, त्यामुळे मला नको ते सगळं दिसतं. आता तर मी गाडीतही नाही. वारज्यातल्या एका फ्लॅटच्या गॅलरीत, वाळत घातलेल्या टॉवेलखाली, एका बाजूने वाकून पडलेलो असतो. थकलोय. पण जे झालं ते सांगायला हवं.

माझा जन्म चाकणजवळच्या एका कारखान्यात झाला. तेव्हा पुण्यात ज्याला त्याला कंप्युटरची नोकरी लागत होती, आणि नोकरी लागली की कर्जावर गाडी यायची. मला एका छोट्या गाडीत बसवलं. स्वस्तातलं मॉडेल, त्यामुळे माझ्या पोटात एअरबॅग वगैरे नव्हती. शोरूममध्ये हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. गाडी चालवताना खाऊ नका, असं मात्र कोणी सांगितलं नाही. ते सांगायची गरज असेल असं कोणाला वाटलं नसावं.

मालक आनंद, यवतमाळहून आलेला इंजिनिअर. पहिले काही महिने मला इतका घट्ट धरायचा, की मीच अवघडून जायचो. मग रस्ता ओळखीचा झाला. वारज्याहून खराडीचं ऑफिस म्हणजे अख्खं पुणं ओलांडायचं, तेही सकाळी. त्यात घरी बसून नाश्ता कोण करणार? डाव्या हातात वडापाव आला. गिअर बदलायचा झाला की वडापाव दातांत. चहाचा कप मांड्यांमध्ये धरलेला. खड्डा आला की आधी कपाकडे लक्ष, मग रस्त्याकडे. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला दोन्ही हात लागतात, तेव्हा तो मला गुडघ्याने धरायचा. माझ्या अंगावर लसणाची चटणी आणि बिस्किटांचा चुरा. पुसायचा कधी, तर कोणाला गाडी दाखवायची असेल तेव्हा.

मग त्याचं लग्न झालं आणि डाव्या सीटवर उत्कर्षा आली. तीही विदर्भातलीच. वाघोलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ड्रॉइंग शिकवायची. फळ्यावर कंपास न घेता गोल काढते, असं आनंद मित्रांना कौतुकाने सांगायचा. पहिल्याच दिवशी तिने त्याचा हात पाहिला.

"काय करून राहिले तुम्ही? हात त पूर्ण तेलाचा. अशी गाडी चालवतात का?"

"मग काय उपाशी जाऊ ऑफिसला?"

"दोन्ही हात तिथं ठेवा. मी भरवते न."

मला तेव्हा हायसं वाटलं, खरंच. बाईला अक्कल आहे, म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून तिच्या मांडीवर डबा असायचा. ती पोळीचा घास करून त्याच्या तोंडापाशी नेई. त्याचे दोन्ही हात माझ्यावर. गाडीत गप्पा, हसणं. मी स्वच्छ राहू लागलो. नवराबायकोंनी मिळून मोठा प्रश्न सोडवल्याचं समाधान दोघांच्याही चेहऱ्यावर असायचं.

पण मला काही दिवसांतच कळलं. घास डावीकडून येतो, आणि तो घ्यायला तोंड डावीकडे वळतं. तोंड वळलं की डोळेही वळतात. एका घासापुरतेच, पण वळतात. मला सांगता येत नव्हतं. मी आपला वळवतील तिकडे वळत होतो.

त्या सकाळी नगर रोडवर जवसाची चटणी आणि पोळी होती. कोरडी चटणी, घास जरा मोठा. एक मोटारसायकलवाला आडवा आला आणि आनंद भरल्या तोंडाने त्याला शिव्या द्यायला गेला. ठसका लागला. साधा ठसका, जेवणाच्या पाटावर लागला तर पाठीवर थापटून जातो. इथे त्याचे डोळे मिटले, पाणी वाहू लागलं, श्वास मिळेना. उत्कर्षाने बाटली उघडून उजवा हात त्याच्या तोंडाकडे नेला. समोर एक टेम्पो वळण्यासाठी थांबला होता, तो दोघांनाही दिसला नाही.

तिने पट्टा लावलेला होता म्हणून डोकं वाचलं. पण हात त्याची छाती आणि मी, यांच्यामध्ये सापडला. तो आवाज मी ऐकला. माझ्याच अंगावर झाला.

आनंदने नंतर पोलिसांना सांगितलं, विम्याच्या माणसाला सांगितलं, फोनवर आईलाही सांगितलं, "माझे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते." खोटं नाही. मी साक्ष देईन. दोन्ही हात माझ्यावरच होते.

गॅरेजवाल्या श्यामसुंदरने गाडीला नवं स्टीअरिंग बसवलं आणि मला भिंतीला टेकवून ठेवलं. गाडी न्यायला दोघं आले. उत्कर्षाच्या हाताचं प्लास्टर निघालं होतं. बोटं सरळच्या सरळ, लाकडासारखी.

"हे मला द्या," ती म्हणाली.

"अगं, भंगार आहे ते. घरात कुठे ठेवणार आपण?"

"डॉक्टरांनी गोल काहीतरी धरायचा सराव सांगितला आहे. याच्यावरच मोडला न हात. आता बोटंही याच्यावरच वळतील."

मग आनंदनेच मला उचललं.

आता तो सकाळी लवकर उठतो, पोहे करतो, बरे करतो असं नाही, आणि टेबलाशी बसून खातो. कधी ऑफिसला उशीर होतो. साहेब बोलत असतील. बोलू देत. तुम्हीही खाऊनच निघा. वाटेत फारच भूक लागली तर गाडी बाजूला घ्या, बंद करा, मग डबा उघडा. आणि शेजारी बसलेल्या कोणी प्रेमाने घास पुढे केला, तर त्याला प्रेमानेच नाही म्हणा.

कॉलेजने तिच्यासाठी जूनपर्यंत थांबायचं कबूल केलं आहे. रोज ती गॅलरीत बसते, मला मांडीवर घेते आणि उजवा हात माझ्यावर ठेवते. मग डाव्या हाताने एकेक बोट दाबून वाकवते, दात आवळून. डावा हात काढला की बोटं पुन्हा उघडतात. आज तर्जनी तेवढी वाकलेली राहिली, क्षणभर. तिने आनंदला हाक मारली नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी पडून आहे तिच्या मांडीवर. कितीही वेळ लागू दे, मला आता कुठे जायचं नाही.