नऊशे सह्या

पाणी मंडळाच्या कचेरीत तळमजल्यावर एक खोली होती. तिला खिडकी नव्हती. दार लोखंडी, आणि त्या दारात छातीच्या उंचीवर हातभर रुंदीचा झरोका. त्यातून चहाचा पेला आत जाई, कागद बाहेर येई; माणूस मात्र आत-बाहेर करायचा तर दोन किल्ल्या लागत. एक चिटणिसांकडे, दुसरी बँकेच्या पहारेकऱ्याकडे. त्या दिवशी सकाळी नऊला दोन्ही किल्ल्या फिरल्या, आणि मिस्तरी आत कोंडला गेला.

त्याच्यासोबत बँकेच्या बाई होत्या. त्यांच्यासमोर टेबलावर रोख्यांची चळत होती. जाड, गुळगुळीत कागद, कडेला हिरवी नक्षी. एकूण नऊशे. प्रत्येकावर मंडळाच्या खजिनदाराची सही हवी होती, आणि तीही हाताने. चिटणिसांची सही छापलेली चालत होती, खजिनदाराची चालत नव्हती. सही झालेला रोखा म्हणजे रोख पैसाच, म्हणून मोजणी जुळेपर्यंत कोणी बाहेर पडायचं नाही, असा नियम.

मंडळाला डोंगराकडच्या तलावापासून नवी मोठी नळवाहिनी टाकायची होती. एवढा पैसा मंडळाकडे कुठला? म्हणून दीड वर्षापूर्वी वचनचिठ्ठ्या काढल्या. लोकांनी पैसे द्यायचे, मंडळाने दीड वर्षाने व्याजासकट परत करायचे. गावातल्या दोन-अडीचशे घरांनी त्या चिठ्ठ्या घेतल्या. काम सुरू झालं, नळ अर्ध्यावर आला, आणि चिठ्ठ्यांची मुदत उद्यावर आली. आता वीस वर्षांचे रोखे काढून त्या पैशातून चिठ्ठ्या फेडायच्या होत्या. रोखे सगळे बँक उचलणार, पुढे आपल्या गिऱ्हाइकांना विकणार.

मिस्तरी खजिनदार कसा झाला, याचं त्यालाही नवल होतं. पस्तीस वर्षं त्याने मंडळाचे नळ टाकले, जोडले, फुटले की चिखलात उतरून बांधले. मंडळावर एक जागा कामगारांच्या माणसाची असते. तो निवृत्त झाल्यावर कामगारांनी त्याला तिथे बसवला. खजिनदारीला कोणी तयार होईना, तेव्हा ती त्याच्या गळ्यात पडली. लिहायला-वाचायला तो सत्तेचाळिसाव्या वर्षी शिकला होता. बायकोने शिकवलं, स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं करून. त्यामुळे त्याची सही म्हणजे पुरतं नाव. एकेक अक्षर आधी, मग सगळ्यांच्या डोक्यावरून एका दमात रेघ. बँकेत नमुन्याची सही तशीच होती, म्हणून इथेही तशीच हवी.

"घाई नको," बाई म्हणाल्या. "बिघडली तर तो रोखा रद्द करावा लागतो."

"घाई मला येतच नाही, बाई."

तो सही करी. बाई वर टीपकागद दाबत आणि रोखा उलटा करून डावीकडे ठेवत. तासाला सव्वाशे-दीडशे निघत होते. अकराच्या सुमाराला मिस्तरीची बोटं आखडायला लागली. मग तो दर सहीनंतर पेन खाली ठेवून दोन श्वास विसावा घेऊ लागला. आणि विसावा घेताना माणूस कुठेतरी बघतोच. त्याच्या डोळ्यांसमोर उलटा ठेवलेला रोखा होता. मागच्या बाजूला बारीक अक्षरात अटी होत्या.

एका सहीमागे एक ओळ, असं त्याचं वाचन चाललं. पहिली अट व्याजाची. दुसरी, मंडळ पाणीपट्टी कर्ज फिटेल इतकी ठेवील, कमी पडली तर वाढवील. तिसरी हिशेब तपासणीची. चारशे सह्या झाल्या असतील, तेव्हा तो चौथीवर आला. ती त्याने बोट ठेवून वाचली. मग पुन्हा वाचली.

*मंडळ कोणालाही, कोणत्याही कारणाने, विनामूल्य पाणी देणार नाही. आज कोठे देत असल्यास ते रोखे दिल्यापासून तीस दिवसांत बंद करील.*

"बाई, हे चौथं काय आहे?"

बाईंनी न बघताच सांगितलं, "फुकट पाणी नाही, ते ना? ते सगळ्याच पाणी मंडळांच्या रोख्यांत असतं. तुम्हीच कुणाला फुकट द्यायला लागलात तर आमचे पैसे कुठून येणार?"

"आमच्या वस्तीत चार सार्वजनिक नळ आहेत."

"मीटर आहेत त्यांना?"

"सार्वजनिक नळाला कसला मीटर? दीडशे घरं भरतात त्यावर."

बाईंच्या हातातला टीपकागद थांबला. "ठरावात होतं हे सगळं. तुम्ही हजर होतात. हात वर केलेल्यांत तुमचं नाव आहे."

होतं खरं. ठराव साठ पानांचा होता. सभेत सगळ्यांना एकेक प्रत मिळाली. बाकीचे पानं उलटत गेले, तसा तोही उलटत गेला, त्यांच्याच वेगाने, म्हणजे कुणाला वाटू नये की हा मागे राहिलाय. चिटणीस म्हणाले, नेहमीच्याच अटी आहेत, काही विचारायचंय का? आणि त्याला 'मला आठ दिवस द्या, मी सावकाश वाचतो' एवढं म्हणायची लाज वाटली. एवढ्याशा लाजेपायी त्याने हात वर केला होता. त्या चारांतले तीन नळ त्याने स्वतः बसवले होते.

तो उठून झरोक्याशी गेला आणि दार ठोठावलं. पलीकडे चिटणिसांचा चष्मा दिसला.

"काय मिस्तरी, चहा?"

"चहा राहू द्या. ती चौथी अट काढा."

"काढा म्हणजे? पेरूतली बी आहे का ती?" चिटणीस हसले, पण मिस्तरीचा चेहरा बघून हसू आवरलं. "अहो, एक शब्द बदलायचा म्हटलं तरी सभा घ्यावी लागते. सभेला सात दिवसांची नोटीस. मग नवी छपाई. आणि चिठ्ठ्यांचे पैसे उद्या सकाळी द्यायचेत. उद्या पैसे नाहीत म्हटलं तर लोक आपल्याला उभे सोलतील, आणि पुढे कोणी या मंडळाला फुटकी कवडी देणार नाही. नळ तिकडे अर्ध्यातच गंजेल."

"मी सही नाही केली तर?"

"तर अर्ध्या सह्या करून थांबलेला खजिनदार म्हणून तुमचं नाव गाजेल." चिटणीस जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या ताई बाहेर बाकावर बसल्यात. उद्याच्या पैशांसाठी चिठ्ठीवर नंबर घालून घ्यायला आल्यात. त्यांचे पैसे अडकले तर त्यांना काय सांगाल?"

ताई म्हणजे मिस्तरीची थोरली बहीण. एकटी. वीस वर्षं भाड्याने राहिलेली खोली मालक तिला विकत द्यायला तयार झाला होता, शेवटची रक्कम उद्याच्या उद्या भरायच्या बोलीवर. ती रक्कम मंडळाच्या चिठ्ठीत होती. चिठ्ठी घे म्हणून मिस्तरीनेच तिला गळ घातली होती. आणि त्या खोलीत नळ नव्हता. ती कोपऱ्यावरच्या सार्वजनिक नळावर भरायची.

"तिला जरा इकडे पाठवा," मिस्तरी म्हणाला.

झरोक्यात ताईचा अर्धा चेहरा आला. तिने आत डोकावून बघितलं.

"अगं बाई! तुला तर पोपटासारखा कोंडलाय. जेवलास का?"

"ताई, ऐक. या कागदांवर सह्या केल्या तर तुझे पैसे उद्या मिळतील."

"मग कर की. मला बोलवायला काय तुझी दौत सांडलीय?"

"पण महिन्याने आपले नळ बंद होतील. चारही. तसं लिहिलंय यात."

मागे कुठेतरी कचेरीतला शिक्का खाडखाड पडत होता.

"कधी कळलं तुला?"

"आत्ता."

"आणि हात कधी वर केलास?"

"मागच्या महिन्यात."

"न वाचता?"

मिस्तरीने तोंड झरोक्याजवळ नेलं.

"मला एवढंच सांग," तो म्हणाला. "तुला पैसे हवेत की नळ? तू म्हणशील तसं करतो. देवाशपथ."

ताईने झरोक्याच्या कडेवर दोन बोटं टेकली. "वा रे शहाण्या! म्हणजे मी 'पैसे' म्हटलं की अख्खी वस्ती म्हणेल, हिच्या खोलीपायी नळ गेले. 'नळ' म्हटलं की मी रस्त्यावर. आणि तू दोन्हीकडून मोकळा, 'ताई म्हणाली म्हणून' सांगत फिरायला. लहानपणी दूध सांडलं की असाच माझ्याकडे बोट करायचास."

"ताई, तसं नाही गं."

"तसंच आहे. मी काही सांगणार नाही. होही नाही नि नाहीही नाही. आणि तू मला विचारलं होतंस, हे कुणाला सांगितलंस तर बघ."

"मग मी करू काय?"

"ते तुझं तू. मला नंबर घालून घ्यायचाय, खिडकी एकला बंद होते."

चेहरा झरोक्यातून गेला. तिच्या चपलांचा आवाज लांब जात असताना मिस्तरी दाराला हात लावून उभा होता. दार गार होतं आणि जरासुद्धा हलत नव्हतं.

तो परत येऊन बसला. बाईंनी आपल्या पिशवीतून एक रुमाल काढला, पाण्याने ओला केला आणि त्याच्या मनगटासाठी पुढे सरकवला.

"बाई, तुमच्या घरी नळ आहे?"

"दोन आहेत."

"हं."

त्याने पेन उचललं. अडीचशे घरांचे पैसे एका पारड्यात, दीडशे घरांचं पाणी दुसऱ्यात, असं तो बराच वेळ मांडून बघत होता. दोन्हीकडे तीच माणसं निघत होती. जिने चिठ्ठी घेतली होती तीच बादली घेऊन उभी. शेवटी त्याने मांडणं सोडलं. सही नाही केली तर उद्या सकाळी मंडळ खोटं पडणार होतं, केली तर नळ महिन्याने जाणार होते. आधी येईल ते आधी, एवढाच हिशेब त्याला जमला. तो चांगला हिशेब नाही, हेही त्याला कळत होतं. सातशेनंतर रेघ वाकडी यायला लागली. दोन रोखे रद्द झाले, बाईंनी त्यांवर आडवी फुली मारून कपाटातले राखीव कोरे कागद दिले. साडेचारला मोजणी जुळली आणि दोन्ही किल्ल्या फिरल्या.

ताईला तिचे पैसे दुसऱ्या दिवशी दहा वाजता मिळाले. खोली तिची झाली.

महिनाभर मिस्तरी घरोघर गेला आणि आपल्या तोंडाने सांगून आला. कुणी चहा दिला, कुणी दार लावून घेतलं. एका म्हातारीने विचारलं, "सही करताना हात कापला नाही का रे?" तो म्हणाला, "कापला, दोन कागद वाया गेले," आणि ती हसायला लागली, मग रागावली. तिसाव्या दिवशी नळ बंद करायला कामगार पाठवायचे, तर एकही उठेना. ज्याने सही केली त्याने किल्ली फिरवावी, असं त्यांनी सांगून टाकलं. म्हणून तोच गेला, खांद्यावर झडप फिरवायची लांब दांड्याची किल्ली घेऊन.

तीन नळ मुकाट्याने बंद झाले. चौथा कोपऱ्यावरचा, त्याच्या घरापासून दहा पावलांवर. तिथे रांग लागली होती. बादल्या, डबे, पातेली, एकीने तर लहान मुलाला आंघोळ घालायचं घमेलं आणलं होतं. नळाखाली भांडं असताना नळ बंद करायचा, हे काही त्याला जमेना. तो थांबला. भरलेली भांडी घरी रिकामी होऊन परत रांगेत येत होती.

"ताई, ही तिसरी फेरी तुझी."

"मोज की. मोजायलाच बसवलंय तुला."

दुपार टळली. शेवटी ताईचीच बादली नळाखाली असताना त्याने जमिनीतल्या झडपेवरचं झाकण उचललं, किल्ली बसवली आणि फिरवली. धार बारीक झाली, थेंब झाली, थांबली. बादली निम्मी भरली होती. ताई तशीच वाकून उभी राहिली, आणखी येईल का बघत. मग तिने बादली उचलली.

"तुझ्या घरातल्या नळाला मीटर आहे ना?"

"आहे."

"बिल तू भरतोस ना?"

"मीच."

"मग ते फुकट नाही. उद्या सकाळी तुझ्याकडे येते भरायला."

"ये की, ताई. विचारायचं काय त्यात?"

मागे उभ्या असलेल्या बायकांनी ते ऐकलं. सगळ्यांचे डोळे त्याच्या दाराकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रांग त्याच्या ओट्यापासून रस्त्यापर्यंत होती. नळ स्वयंपाकघरात, म्हणून रांग घरातून. बायकोने पलंग भिंतीला लावला, चटया गुंडाळल्या आणि नवऱ्याकडे बघून म्हणाली, "दारावर पाटी लावून टाका. पाणी मंडळ, शाखा नंबर एक." मीटरचा काटा भिंतीवर गरगरत होता. त्याच्याकडे बघायचं तिने ठरवून टाळलं होतं.

मिस्तरीला नऊच्या सभेला जायचं होतं. पाणीपट्टी वाढवायचा ठराव होता, दुसऱ्या अटीप्रमाणे. या वेळी त्याने कागद आठ दिवस आधी मागून घेतले होते. चिटणिसांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण दिले. रोज पाच पानं वाचून ते काल संपले होते. वाढलेला दर तोंडपाठ झाला होता आणि तो आपल्याला किती पडेल, हेही त्याने हिशेब करून ठेवलं होतं. ते मात्र बायकोला अजून सांगितलं नव्हतं.

कागद काखेत घेऊन तो दाराशी आला. उंबऱ्यात दोन बादल्या, त्यांच्यामागे तीन डबे, त्यांच्यामागे माणसं. पाय ठेवायला जागा नव्हती.

"ताई, जरा वाट दे. सभेला उशीर होतोय."

"थांब," ताई म्हणाली. "माझं भरू दे आधी."